ताप उतरतो, परत चढतो, टायफॉईडही नाही : ब्रुसेलाची तपासणी कोणी आणि कधी करावी? (नाशिक परिसर)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आमचे मामा सिन्नर तालुक्यात असतात. पाच-सहा संकरित गाई, थोड्या शेळ्या, दूध डेअरीला. महिना उलटून गेला, त्यांचा ताप हटत नाहीये. सकाळी माणूस ठीक, चहा घेऊन गोठ्यात जातो. दिवस कलला की कणकण सुरू, रात्री ताप, पहाटे असा घाम की गंजी पिळावी. कंबर आणि खुबा इतका धरलाय की उकिडवं बसून धार काढणं बंद झालंय.

गावाकडे विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉईडचा कोर्स झाला. थोडं बरं वाटलं, ताप परत आला. मग दुसरं अँटिबायोटिक, सलाईन. डेंग्यू, मलेरिया निगेटिव्ह. छातीचा एक्स-रे स्वच्छ. "टीबीची औषधं सुरू करून बघू" इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा आम्ही त्यांना नाशिकला आणलं. इथल्या फिजिशियननी सगळे रिपोर्ट वाचून झाल्यावर एकच विचारलं, "गोठ्यात यंदा कोणी गाभडलं का?" मामा म्हणाले, हो, दोन गाई सातव्या महिन्यात. वार अडकली होती, मीच हात घालून काढली.

हे आधी कोणी विचारलं नव्हतं आणि मामांनीही सांगितलं नव्हतं. गाईच्या गाभडण्याचा आपल्या कंबरेशी संबंध असेल असं कोणाच्या मनात येणार?

आता ब्रुसेलाची (जनावरांकडून माणसाला लागणारा जंतू, त्याचा आजार ब्रुसेलोसिस) रोज बेंगाल टेस्ट पॉझिटिव्ह आहे, ट्यूब टेस्ट १:६४०. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) पाठवलंय. माझे प्रश्न असे : हे नक्की ब्रुसेलाच का? विडालसारखंच हेही फसवं निघायचं नाही ना? घरातल्या बाकीच्यांची तपासणी करायची का? आणि दुधाचं काय?

ओपीडीनंतर

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे. मामांचे उपचार त्यांचे डॉक्टर ठरवतील, मी सर्वसाधारण लिहितो.

१:६४०, गाभडलेल्या गाई, उघड्या हाताने काढलेली वार, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि धरलेली कंबर. एवढं एकत्र आल्यावर बहुतेक डॉक्टर कल्चरची वाट न बघता ब्रुसेलोसिस धरून चालतील. यातली एकच गोष्ट असती, समजा नुसता १:१६०, तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो.

विडालबद्दल : एकट्या विडालवर टायफॉईड ठरवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. पूर्वी कधी टायफॉईड झालेला असला तरी ती पॉझिटिव्ह दिसते, दुसऱ्या तापातही आकडा वर जाऊ शकतो. टायफॉईडसाठी खरी किंमत ब्लड कल्चरला, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घेतलेल्या. आपल्याकडे उलटं होतं. पहिल्या दिवशी इंजेक्शन, पंधराव्या दिवशी कल्चर.

कारण न सापडणाऱ्या तापाची १९६१ पासून पुस्तकात असलेली व्याख्या ३८.३ अंश सेल्सिअसच्या वर, तीन आठवड्यांहून जास्त, अशी आहे. पण गोठ्यात राबणाऱ्या माणसासाठी तीन आठवडे थांबायची गरज नाही. दहा-बारा दिवसांत ताप हटला नाही आणि डेंग्यू-मलेरिया-टायफॉईडमध्ये काही सापडलं नाही, की मी ब्रुसेला लिहितो. सोबत कंबर किंवा खुबा दुखत असेल, पुरुषाच्या अंडकोषाला सूज असेल, प्लीहा हाताला लागत असेल, तर त्याहूनही आधी. सीबीसीकडून फार आशा ठेवू नका. पांढऱ्या पेशी बऱ्याचदा नॉर्मल किंवा कमीच असतात.

आणि टीबीची औषधं "सुरू करून बघू" हे इथे सगळ्यात धोक्याचं. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. रुग्णाला बरं वाटतं, सगळे म्हणतात टीबीच होता, आणि खरा आजार अर्धवट दबून राहतो. मणक्याचा एमआरआय केला तर दोन्ही आजार एकमेकांसारखे दिसू शकतात. म्हणून तपासणी आधी, औषध नंतर.

शंकासुर

डॉक्टर, मग प्रत्येक तापाला ब्रुसेला लिहायची का? आमच्या सिडकोतल्या फ्लॅटमध्ये गाय नाही, शेळी नाही. लॅबवाल्यांना आणखी एक टेस्ट मिळाली म्हणायचं.

ओपीडीनंतर

नाही. चार दिवसांच्या तापाला अजिबात नाही. पण फ्लॅटमधला माणूस शनिवार-रविवार गावी जातो, खाटीककामावर असतो, दूध संकलनावर असतो, बोकड विकतो, पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस असतो. केसपेपरवर "व्यवसाय : नोकरी" एवढंच असतं. सुट्टीत गोठा कोण झाडतो ते विचारल्याशिवाय कळत नाही. प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. टेस्ट कोणाला लिहायची ते त्या उत्तरावरून ठरतं.

सूक्ष्मदर्शी

मी मायक्रोबायॉलॉजीत आहे. गोदाकाठ यांचा "फसवं निघायचं नाही ना" हा प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

रोज बेंगाल ही चाळणी. गुलाबी रंग दिलेले मेलेले जंतू आणि रुग्णाचं सीरम कार्डावर एकत्र ढवळायचं, चार मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त, सोपी, तालुक्यालाही करता येईल अशी. पण तिच्यावर थांबायचं नाही. पुढची ट्यूब टेस्ट. यात सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जातात, १:२०, १:४०, १:८० असं, आणि नळ्या रात्रभर उबेत ठेवतात. शेवटची गुठळी ज्या नळीत, तो तुमचा आकडा. १:१६० आणि वर असेल आणि लक्षणं जुळत असतील तर महत्त्वाचा मानतात. जिथे घरोघरी जनावरं आहेत तिथे काही डॉक्टर १:३२० ची पायरी धरतात, कारण गोठ्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या रक्तात थोड्या अँटिबॉडी अशाही सापडतात.

फसण्याच्या जागा दोन्ही बाजूंना आहेत. अँटिबॉडी फार जास्त असल्या तर सुरुवातीच्या नळ्यांत गुठळी धरतच नाही. लॅबने दोन-तीन नळ्यांवर काम थांबवलं तर खणखणीत पॉझिटिव्ह माणूस निगेटिव्ह म्हणून घरी जातो. म्हणून शेवटपर्यंत पातळ करून बघायला सांगा. उलट बाजूला, येर्सिनिया नावाच्या जंतूच्या एका प्रकाराविरुद्धच्या, किंवा कॉलराच्या जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडीही इथे गुठळी करू शकतात. शंका असेल तर दोन आठवड्यांनी दुसरा नमुना. आकडा चौपट चढला तर वादच नको. जुना आजार आणि चालू आजार वेगळा करायला टू-एमई किंवा आयजीजी-आयजीएमची एलायझा (अँटिबॉडीचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या टेस्ट) उपयोगी पडते. आणखी एक, कुत्र्यांकडून येणारा ब्रुसेलाचा प्रकार या नेहमीच्या टेस्टमध्ये दिसतच नाही. त्याचा आवरणाचा पोत वेगळा असतो.

आता माझी एक विनंती, सगळ्या डॉक्टरांना आणि नातेवाइकांनाही. ब्लड कल्चर पाठवताना फॉर्मवर "ब्रुसेलाचा संशय" एवढे दोन शब्द लिहा. हा जंतू हळू वाढतो, संशय माहीत नसेल तर बाटली लवकर बंद होऊन "वाढ नाही" असा रिपोर्ट जातो. मशीनवर बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात दिसतो, पण जास्त दिवस ठेवायची तयारी हवी. दुसरं कारण आमच्या जिवाचं. प्रयोगशाळेत काम करताना लागणाऱ्या जिवाणूंमध्ये ब्रुसेला जगभर वरच्या क्रमांकावर आहे. प्लेट उघडून नाकाजवळ नेली तरी श्वासातून आत जातो. माहीत असेल तर आम्ही सेफ्टी कॅबिनेटमध्ये काम करतो. फॉर्म कोरा आला तर टेबलावर उघडतो.

तालमीतला

वाचून हसू आलं. आमचे वस्ताद सत्तरी पार आहेत, आयुष्यभर म्हशीच्या कासेखाली चरवी धरून धारोष्ण दूध प्यायले. अजून पोरांना चितपट करतात. तापवलं की दुधातलं सत्त्व जातं. शहरातल्या लोकांना प्रत्येक गोष्टीत जंतू दिसतात.

शंकासुर

@तालमीतला, वस्तादांची म्हैस चांगली होती एवढंच त्यातून सिद्ध होतं. डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरने हा जंतू माल्टा बेटावर १८८७ मध्ये शोधला. ताप कुठून येतो ते मात्र पुढे जवळजवळ दोन दशकं कळलं नव्हतं. डास, गटारं, हवा, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झॅमिटने शेळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा उलगडा झाला. धष्टपुष्ट शेळ्या, दिसायला काही आजार नाही, आणि दुधात जंतू. त्याच वर्षी माल्टाहून अमेरिकेकडे शेळ्या नेणाऱ्या एका जहाजावर खलाशांनी वाटेत ते कच्चं दूध प्यायलं आणि त्यांच्यातले बरेच आजारी पडले. १९०६ मध्ये माल्टातल्या सैनिकांचं शेळीचं दूध बंद केल्यावर ताप झपाट्याने कमी झाला.

(मघाशी टेस्टवरून टोमणा मारला तो मीच. पण कच्च्या दुधाबद्दल माझं मत पक्कं आहे.)

पशुवैद्य_दिंडोरी

तालीमवाल्यांना एवढंच सांगेन की दूध तापवून प्या, बदाम दोन जास्त घाला. ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद एवढ्यात हा जंतू मरतो, घरची उकळी त्याच्या कितीतरी पुढची. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं. आपल्याकडे दूध तापवल्याशिवाय विरजण लावत नाहीत, ही आजी-पणजीची शिस्त फार मोठं काम करून जाते.

पण म्हणूनच मला वाटतं की आपल्या भागात दुधावर जास्त आणि गोठ्यावर कमी बोललं जातं. गाभडलेल्या जनावराची वार, गर्भ आणि त्यासोबतचं पाणी यांत जंतू अगणित असतात. कापलेल्या बोटातून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून, श्वासातून आत जातात. दूध उकळून पिणारं घरही वार उघड्या हातानेच ओढतं. गोदाकाठ यांच्या मामांचं नेमकं हेच झालेलं दिसतंय.

शेतकऱ्याला चकवणारी गोष्ट अशी की गाय बहुधा एकदाच गाभडते, साधारण पाचव्या ते आठव्या महिन्यात. पुढचं वेत दिवस भरून होतं. मालक म्हणतो, बरी झाली. ती बरी झालेली नसते. दुधातून आणि पुढच्या विण्याच्या वेळी जंतू टाकत राहते. जनावरावर याचे उपचार आम्ही करत नाही, फायदा नसतो. आणि मग कडू सत्य : गाभडलेली गाय गुपचूप बाजारात जाते. कोणाला दोष देऊ? लाखाच्या गाईवर घर चालतं.

लस आहे. एस-१९ नावाची, फक्त चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, म्हणजे कालवडी आणि पारड्यांना, आयुष्यात एकदाच. २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला यांसाठी राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात ती सरकारी दवाखान्यातून मिळते. वासराचं वय टळलं की संधी गेली. म्हणून कालवड चार महिन्यांची झाली की स्वतः दवाखान्यात आठवण करा. ही लस जिवंत जंतूंची असते. टोचताना सुई आमच्याच बोटात गेली तर आम्हालाच आजार होऊ शकतो. माझ्या ओळखीत असे सहकारी आहेत, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घातलेल्या डॉक्टरला हसू नका.

माहेर_येवला

आमच्याकडे शेळ्या आहेत. करडू अडलं की ते ओढायचं काम बायकांचंच, कारण हात बारीक. धार, शेण, झाडलोट तेही आमचंच. माझी भावजय पाचव्या महिन्यात आहे आणि गेल्या महिन्यात आमच्या दोन शेळ्या गाभडल्या. तिला ताप नाही, पण हे सगळं वाचून छातीत धडकी भरली. आणि आमच्याकडे वार पोत्यात घालून वडाला बांधायची पद्धत आहे. तेही चुकीचंच का?

ओपीडीनंतर

ताई, घाबरू नका, पण तिला आजपासून विण्याच्या आणि गाभडण्याच्या कामापासून लांब ठेवा. गोठा झाडणंही दुसऱ्या कोणी करावं. गरोदरपणात ब्रुसेला झाला तर गर्भपाताचा धोका असतो, म्हणून तिच्या प्रसूतितज्ज्ञांना शेळ्यांची गोष्ट स्पष्ट सांगा. कणकण, घाम, सांधेदुखी काहीही वाटलं तर लगेच तपासणी. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सीसायक्लीन सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी औषधं निवडतात. म्हणून दुसऱ्या कोणाची चिठ्ठी तिला चालणार नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

पशुवैद्य_दिंडोरी

वडाला बांधण्याची पद्धत मीही पाहिली आहे. निरोगी विण्याचं सोडा, पण गाभडलेल्या जनावराची वार झाडाला, उकिरड्यावर किंवा ओढ्यात नको. कावळे ओढतात, कुत्री नेतात आणि वस्तीभर पसरवतात. खोल खड्डा, वर चुना, वर माती. हातमोजे नसतील तर निदान कोपरापर्यंत प्लास्टिकची पिशवी बांधा. दवाखान्यात मागितले तर मोजेही मिळतात. शेळ्यांचं रक्त तपासायचं असेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. तिथून नमुने पुण्याला, औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ शकतात.

भातखाचर

इगतपुरीकडून एक भर. आमच्याकडे पावसाळ्यात भातलावणी झाली की लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा) ताप येतात आणि दिवाळीच्या आसपास गवत कापताना स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप). दोन्ही जनावरांशी किंवा उंदरांशी जोडलेलेच. ब्रुसेलाच्या मागे लागून ते सुटू नयेत.

ओपीडीनंतर

अगदी बरोबर. फरक वेगाचा आहे. लेप्टो आणि स्क्रब टायफस अचानक येतात आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांतच मूत्रपिंड, यकृत, फुफ्फुसं धरू शकतात, तिथे रिपोर्टची वाट बघत बसायला वेळ नसतो. चिखलात काम, लालसर डोळे, पोटऱ्या दुखणं म्हटलं की लेप्टो. स्क्रबमध्ये काखेत, जांघेत, कंबरपट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली शोधायची, रुग्णाला ती दुखत नाही म्हणून तो सांगत नाही. ब्रुसेला रेंगाळणारा. मारत क्वचितच, पण हृदयाच्या झडपेवर बसला तर जीवघेणा.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. ताजी स्थिती : कल्चरमध्ये ब्रुसेला वाढला. फॉर्मवर डॉक्टरांनी संशय लिहिला होता, हे सूक्ष्मदर्शी यांना सांगितलं पाहिजे. मामांना डॉक्सीसायक्लीन आणि रिफाम्पिसिन सहा आठवडे सांगितलंय. लघवी केशरी झाली म्हणून मामा घाबरले होते, ते रिफाम्पिसिनमुळे असं कळलं.

आता नवीन पेच. मामीची रोज बेंगालही पॉझिटिव्ह आली, ट्यूब टेस्ट १:८०. तिला काहीच होत नाही, दिवसभर कामात असते. मामा म्हणतात तिलाही गोळ्या सुरू करा, घरात एकच पुडा आणू.

सूक्ष्मदर्शी

१:८० आणि लक्षणं नाहीत, म्हणजे जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे एवढंच तो आकडा सांगतो. आज आजार आहे असं नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना द्या.

ओपीडीनंतर

सहमत. नुसत्या आकड्यावर औषध देऊ नये. मामींना ताप, घाम, कंबर यांवर लक्ष ठेवायला सांगा, आणि सर्दी-तापासाठी कुठेही दाखवलं तरी ही गोष्ट सांगायची. ज्यांना काही लक्षण आहे त्यांची तपासणी आधी करा : धार काढणारा गडी, गोठ्यात खेळणारी मुलं.

मामांचं : दोन-तीन आठवड्यांत ताप जातो, कंबर मोकळी होते आणि मग माणूस गोळ्या सोडतो. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. दोन औषधं एकत्र देण्याचं कारणच हे की जंतू पेशींच्या आत लपतो आणि एकट्या औषधाने परत उठतो. पूर्ण कोर्स करूनही काहींना आजार उलटतो, बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांत. मणक्याला लागण असेल तर कोर्स याहून लांबतो. आणि बरे झाल्यावरही ट्यूब टेस्टचा आकडा कित्येक महिने वर राहू शकतो, त्यामुळे दर आठवड्याला टेस्ट करून जीव टांगणीला लावू नका.

तालमीतला

एक विचारू का? चिडवायला नाही. आमच्याकडे गाय व्याली की शेजारीपाजारी चीक वाटतात. खरवस खाल्ला तर चालतो ना?

पशुवैद्य_दिंडोरी

चालतो. वाफेवर नीट शिजलेला खरवस सुरीला चिकटेनासा होतो, तोवर जंतू केव्हाच गेलेला असतो. कच्चा चीक बोटाने चाखायची सवय मात्र सोडा, आणि गाभडलेल्या किंवा दिवस न भरता व्यालेल्या गाईचा चीक वाटू नका, कोणी वाटला तर घेऊ नका. भांडं गरम पाण्याने धुवायचं. वस्तादांनाही सांगा.